ऑफिसातल्या कॉन्फिडेन्शियल ॲडव्हायजरकडे जावं का? (नेदरलँड्स)

चिंचगूळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत आहे, केनिसमिग्रांट (उच्चकुशल परदेशी कर्मचारी) परमिटवर. कंपनी डच, पण आमची टीम जवळजवळ सगळी देशी आणि मॅनेजरही देशीच. माणूस कामाला हुशार, त्यात वाद नाही. पण रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, एकाला धरायचं आणि सगळ्यांसमोर सोलायचं, ही त्याची पद्धत. सध्या माझा नंबर लागलाय. ‘याला कोणी निवडला?’, ‘क्लायंटसमोर तू तोंड उघडू नकोस, मी बोलेन’, असं चालू असतं. खोलीत डच माणूस आला की आवाज मधात घोळवलेला. रात्री दहाला फोन करतो, नाही उचलला तर सकाळी त्याचाच तमाशा. मध्यंतरी सहज विचारल्यासारखं म्हणाला, ‘कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय रे तुझं?’

शिवी दिलेली नाही, अंगावर आलेला नाही. त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची इथेच माझी गाडी अडते. पण रविवारी दुपारपासून पोटात गोळा येतो हे खरं.

आमच्या इंट्रानेटवर कॉन्फिडेन्शियल ॲडव्हायजर म्हणून दोन नावं आहेत. एक फायनान्समधली बाई, दुसरा बाहेरच्या संस्थेतला माणूस. डचमध्ये फरट्राउवन्सपरसोन. यांच्याकडे गेलो की ती तक्रार धरली जाते का? एचआरला कळतं का? आणि मुख्य म्हणजे परमिटवर काही बालंट येतं का? इथले मित्र म्हणतात, पर्मनंट होईपर्यंत गप्प बस. बायको म्हणते, जा. कोणी स्वतः गेलंय का?

मी_पेठकर

एवढं काय त्यात? संध्याकाळी बिअरला न्या आणि तोंडावर सांगा, ‘साहेब, असं चारचौघांत नका बोलू.’ आपल्या माणसाबद्दल गोऱ्याकडे गाऱ्हाणं नेणं मला तरी पटत नाही.

गजरा

पेठकर, बिअरने सुटणारं असतं तर त्यांनी धागा काढला नसता.

चिंचगूळ, मी पुण्यात एचआरमध्ये आहे, त्यामुळे नेदरलँड्सचं मला ठाऊक नाही. पण आमच्याकडची आयसी, म्हणजे २०१३च्या पॉश कायद्याखालची अंतर्गत समिती, तिच्यासारखंच काही असेल असं समजून जाऊ नका, एवढं सांगते. आयसी ही चौकशी करणारी समिती आहे. लेखी तक्रार घेते, दोन्ही बाजू ऐकते, साक्षीदार बोलावते, ९० दिवसांत चौकशी पुरी करून अहवाल देते. शिवाय तो कायदा फक्त स्त्रियांच्या लैंगिक छळापुरता. तुमच्यासारखी केस माझ्यासमोर आली तर मी तिला कुठल्या कलमात बसवू? बॉस घालूनपाडून बोलतो याला आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. इथले डच-बेल्जियमवाले काय सांगतात ते वाचायला मीही थांबलेय.

ओलीभेळ

हा धागा दिसला आणि लॉगिन करावंच लागलं. एका डच शिक्षणसंस्थेत मी हेच कॉन्फिडेन्शियल ॲडव्हायजरचं काम करते. मुख्य नोकरी प्रयोगशाळेतली, आणि आठवड्याचे थोडे तास या कामाला. त्यासाठी प्रशिक्षण घेतलंय. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे येणं म्हणजे तक्रार करणं नाही. तुम्ही येऊन तासभर बोललात, उठून गेलात आणि पुन्हा कधीच फिरकला नाहीत, तरी चालतं. तुमच्या फाइलवर काही चढत नाही, कारण माझ्यापाशी तुमची फाइलच नसते. मी एचआरला नाव सांगत नाही, तुमच्या बॉसला सांगत नाही, आणि माझ्या बॉसलाही सांगत नाही. पुढचं पाऊल टाकायचं तर ते तुम्ही टाकायचं. तुमचा होकार नसेल तर मी एक मेलसुद्धा पाठवत नाही.

आता मी काय करत नाही, ते. कोण खरं, कोण खोटं हे मी शोधत नाही. तुमच्या मॅनेजरला बोलावून त्याची बाजू ऐकत नाही. दोघांत समेट घडवत नाही, ते काम मेडिएटरचं. चौकशीसाठी तक्रार समिती वेगळी असते आणि तिच्यात मी बसू शकत नाही. नवीन माणसाची इथेच निराशा होते. ‘मग तुमचा उपयोग काय?’ हे मी बऱ्याचदा ऐकलंय, आणि विचारणाऱ्याचा मला राग येत नाही.

पहिली भेट कशी होते ते सांगते. आमच्या इमारतीत सगळ्या खोल्या काचेच्या. माझ्यासमोर बसलेला माणूस मार्गिकेतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. म्हणून मी दुसऱ्या इमारतीतली खोली घेते आणि कॅलेंडरमध्ये विषय लिहिते ‘कॉफी’. कोणी म्हणालं बाहेर चालत बोलू, तर कालव्याच्या कडेने चालतो. शेजारी शेजारी चालताना लोक जास्त मोकळे होतात, समोर टेबल असलं की अडखळतात. बोलणं सुरू व्हायच्या आधी मी एक गोष्ट स्पष्ट करते: मी गुप्तता पाळते, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा गंभीर गुन्हा असेल तर मला एकटीने गप्प बसता येणार नाही. हे आधी सांगितलं की माणूस काय सांगायचं ते स्वतः ठरवतो. मग मी गप्प बसते. रडणं येतं, चिडणं येतं, कधी पाऊण तास निव्वळ शिव्या. शेवटी एकच विचारते, ‘यातून तुला काय हवंय?’ बहुतेकांनी स्वतःला हा प्रश्न विचारलेलाच नसतो. कोणाला माफी हवी असते, कोणाला टीम बदलून हवी असते, कोणाला फक्त ते फोन थांबायला हवे असतात. त्याप्रमाणे वाटा निघतात. स्वतः त्या माणसाशी बोलायचं तर काय शब्द वापरायचे ते आम्ही बसून ठरवतो, चक्क तालीम करतो. त्याच्या वरच्याकडे जायचं असेल तर हवं तर मी सोबत येते. लेखी तक्रार करायची असेल तर ती कशी मांडायची ते बघते, पण लिहिणारे तुम्ही.

‘शिवी दिली नाही, अंगावर आला नाही’ असं तुम्ही लिहिलंत. इथला आर्बोवेट, म्हणजे कामाच्या परिस्थितीचा कायदा, मालकावर मानसिक-सामाजिक ताणाची जबाबदारी टाकतो. त्यात लैंगिक त्रास आहे, भेदभाव आहे, आक्रमकपणा आहे, कामाचा अतिरेकी भार आहे, आणि पेस्टन म्हणजे सतत टोचत राहणंही आहे. तुम्ही वर्णन केलंत ते त्यात सरळ बसतं. शिवी असायलाच हवी असं कुठेही नाही.

शेवंती

ओलीभेळताई, कडक. एक प्रश्न. आतल्या माणसाकडे जावं की बाहेरच्या?

सुपारीखांड

कोणाकडेही जा, पगार कंपनीच देते. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे सगळं कागदावर फार गोंडस दिसतं. ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचं आठवतं का? जानेवारी २०२२मध्ये ‘बोस’ या यूट्यूब कार्यक्रमाने त्या शोमधले लैंगिक छळाचे आरोप बाहेर काढले. त्यात निर्माता जॉन द मोल याचा सूर असा, की बायकांनी वेळेवर बोलायला हवं होतं. एक-दोन दिवसांतच त्याच्याच कंपनीतल्या बायकांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन त्याला सुनावलं, की दोष बायकांचा नाही. म्हणजे बघा, घरातल्या बायकांना मालकाशी बोलायला पेपरात पान विकत घ्यावं लागलं. पुढे सार्वजनिक टीव्ही-रेडिओची चौकशी करणाऱ्या फान राइन समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२४मध्ये आला. त्याचं शीर्षकच ‘काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही, काही केलं नाही’ अशा अर्थाचं. सल्लागार नव्हते म्हणून का हे झालं? स्टार अँकर चॅनेलला पैसा मिळवून देतो, मग त्याला हात कोण लावणार? चिंचगूळच्या मॅनेजरनेही प्रोजेक्ट वेळेवर दिला की झालं.

ओलीभेळ

सुपारीखांड, तुमचं बरंचसं मान्य आहे. वरच्या माणसाला ऐकायचंच नसेल तर मी कितीही ऐकून काय होणार? वर्षाच्या शेवटी मी संचालकांना एक अहवाल देते. नावं नसतात, इतके जण आले, इतक्यांचा विषय टोचणी, इतक्यांचा भेदभाव, एवढंच. एका विभागातून पुन्हा पुन्हा माणसं येत असतील तर तेही सुचवते. ते वाचून संचालक काही करतो की फडताळात ठेवतो, ते त्याच्या हातात. माझ्या पहिल्या संचालकांनी ठेवला होता फडताळात. आत्ताच्या बाई तासभर बसवून प्रश्न विचारतात. माणसामाणसांत फरक आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक कमकुवत बाजू कोणी काढायच्या आधी मीच सांगते. डॉक्टर-वकिलाला कोर्टात गप्प बसायचा हक्क असतो, तो नेदरलँड्समध्ये आम्हाला नाही. प्रकरण न्यायाधीशासमोर गेलं आणि मला साक्षीला बोलावलं तर मला बोलावं लागेल. म्हणून मी फार कमी लिहून ठेवते. वहीत नाव नाही, आद्याक्षरंही नाहीत, आणि प्रकरण मिटलं की पान श्रेडरमध्ये.

शेवंती, आतला की बाहेरचा? आतल्या माणसाला घराची खबर असते. कोण कोणाचा जिवलग, कुठल्या एचआरवालीशी बोललं तर काम होईल, हे मला माहीत असतं. पण कॅन्टीनमध्ये रांगेत मी तुमच्या मागे उभी असेन आणि तुम्हाला ते नकोसं होईल. बाहेरचा माणूस अनोळखी, त्यामुळे सुटसुटीत. चिंचगूळ, टीम एवढी छोटी आणि सगळी देशी आहे, तर मी बाहेरचा सुचवेन. फायनान्समधल्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर कोण बसतं ते एकदा बघून घ्या.

कोयनाकाठ

गेंटहून लिहितोय. सीमा ओलांडून शंभरेक किलोमीटर आलं की नियम बदलतात.

बेल्जियममध्ये ही प्रथा थेट कायद्यात आहे. मूळ कायदा ४ ऑगस्ट १९९६चा, कामावरच्या सुस्थितीबद्दलचा. १ डिसेंबर २०२३पासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीला असा सल्लागार नेमावाच लागतो. त्याहून लहान कंपनीतही युनियनचे प्रतिनिधी असतील आणि सगळ्यांनी मागणी केली तर नेमावा लागतो. वरिष्ठ व्यवस्थापनातला माणूस चालत नाही, कंपनीचा डॉक्टर चालत नाही. पाच दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं. तुम्ही संपर्क साधलात की दहा दिवसांच्या आत त्याने तुमचं ऐकून घ्यायचं आणि कुठले मार्ग आहेत ते सांगायचं. आणि ओलीभेळताई म्हणतात ती कोर्टाची अडचण इथे तशी नाही, कारण इथला सल्लागार व्यावसायिक गुप्ततेने बांधलेला असतो आणि ती फोडणं हा गुन्हा आहे.

दुसरा फरक म्हणजे इथला सल्लागार अनौपचारिक मार्गाने मध्येही पडू शकतो, समोरच्याशी बोलू शकतो, समेट करू शकतो, दोघांचीही तयारी असेल तर. औपचारिक मागणी मात्र प्रिव्हेन्शन ॲडव्हायजरकडे जाते, ते वेगळं आणि वरचं पद.

मी स्वतः गेलो होतो, दुसऱ्या विषयावर, आमच्याकडे सुट्ट्यांवरून भांडण होतं. सल्लागार बाई दोघांना एका खोलीत घेऊन बसल्या. अर्ध्या तासात मिटलं. आता तो माझ्या मुलांना फुटबॉल शिकवतो. सगळ्यांचं एवढं सोपं नसणार, मान्य.

शेवंती

मग नेदरलँड्समध्ये सल्लागार सक्तीचा नाही?

ओलीभेळ

कायदा धोरण ठेवा म्हणतो आणि सल्लागार हा त्या धोरणाचा भाग म्हणून रुळत गेला. १९९४मध्ये लैंगिक त्रासाचा विषय आर्बोवेटमध्ये आला तेव्हापासून हळूहळू. सगळ्यांना सक्ती करणारं विधेयक २०२३मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, पण तेवढ्यावर त्याचा कायदा होत नाही. हे ग्रुनलिंक्स पक्षाने आणलं होतं. मोठ्या संस्थांमध्ये तसाही सल्लागार असतोच. प्रश्न असतो तो वीस-पंचवीस माणसांच्या दुकानांत. तिथे वार्षिक अहवालात ‘टोचणी: १’ असं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोणी सांगितलं.

चिंचगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओलीभेळताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला.

एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. हा मॅनेजर आमच्या इथल्या गणपतीच्या कमिटीत आहे. त्याची बायको आणि माझी बायको एकाच भिशीत. आरतीला तो ताम्हन घेऊन माझ्यासमोर येतो आणि ‘काय रे, ठीक ना?’ म्हणतो. माझी खरी भीती एचआरची कमी आणि याची जास्त आहे. उद्या कळलं की मी गेलो, तर इथे आमच्या मुलीला खेळायला बोलावणारं कोणी उरणार नाही.

मी_पेठकर

अरे बापरे. आता समजलं. बिअरचं मागे घेतो.

गजरा

तुमच्या ऑफिसातल्या सल्लागाराकडून काही फुटणार नाही, फुटलं तर भिशीतून फुटेल. तेव्हा बायकोला आजच सांगा, कोणाशी म्हणजे कोणाशी बोलायचं नाही, सख्ख्या मैत्रिणीशीही नाही. आमच्या आयसीत मी हेच बघते. कलम १६ खाली तक्रारदाराचं नाव उघड करायला बंदी आहे, समितीचे लोक बहुतेक पाळतात. आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला माहीत असतं, कारण ती तक्रारदारच पार्किंगमध्ये कोणाला तरी म्हणालेली असते, ‘सांगू नकोस हं’.

जाता जाता, भारतात असा ‘नुसता ऐकणारा’ माणूस कायद्याने नाही, पण काही ठिकाणी आहे. टाटा समूहात एथिक्स काउन्सेलर असतात, त्यांच्याकडे आचारसंहितेच्या शंका नेता येतात. बाकी ठिकाणी हॉटलाइन नंबर, आणि तो लागतो एचआरलाच. त्यात पॉशमध्ये तक्रार द्वेषापोटी केली असं ठरलं तर तक्रारदारावर कारवाईची तरतूद आहे. पुरावा देता आला नाही एवढ्यावरून ती लागत नाही, हे कलमातच लिहिलंय, पण ते कोणी वाचत नाही आणि घाबरायचं तेवढं सगळे घाबरतात. बायका माझ्याकडे येऊन पहिलं वाक्य म्हणतात, ‘मॅडम, तक्रार नाही करायची, फक्त सांगायचंय.’ आणि मी एचआर असल्यामुळे मला म्हणावं लागतं, ‘मग मला सांगू नका, कारण मला कळलं की मला काहीतरी करावं लागेल.’ हे म्हणताना किती वाईट वाटतं! या धाग्यामुळे कळतंय की मला नेमका असा माणूस हवा होता, ज्याच्याकडे मी तिला पाठवू शकेन.

गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये निकाल देताना चौकशी घाईत उरकली म्हणून कारवाई रद्द केली आणि देशभरच्या समित्या कागदावरच आहेत यावर ताशेरे मारले. नीट चौकशी म्हणजे वेळ लागणार, आणि तेवढा वेळ त्या बाईने एकटीने काढायचा. त्या मधल्या काळाचं काय, हे आपल्याकडे कोणी ठरवलेलंच नाही.

रात्रपाळी

युनियनचं काम करतो, वकील नाही, तेव्हा अंतिम सल्ला योग्य माणसाकडून घ्या. तरी परमिट आणि कॉन्ट्रॅक्टबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

तुमचं परमिट तुमच्या मॅनेजरच्या हातात नाही. स्पॉन्सर कंपनी आहे. सल्लागाराशी बोलल्याचं आयएनडीला (इथल्या इमिग्रेशन खात्याला) कळवायची काही सोयच नाही. नोकरी गेलीच तर केनिसमिग्रांटला दुसरा मान्यताप्राप्त स्पॉन्सर शोधायला तीन महिन्यांपर्यंत मुदत मिळते, परमिट त्याआधी संपत नसेल तर. हे पाठ करून ठेवा, म्हणजे रात्री झोप लागेल.

तुमची खरी नाजूक जागा कॉन्ट्रॅक्टची तारीख आहे. मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर ते संपायच्या किमान महिनाभर आधी कंपनीने लेखी कळवायला हवं, पुढे ठेवणार की नाही. न ठेवण्याला कारण द्यावं लागत नाही, म्हणून तो तारीख विचारतो. म्हणूनच आत्तापासून नोंदी ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, शब्दशः काय म्हणाला. घरच्या वहीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. फोन किती वाजता आला त्याचे स्क्रीनशॉट काढा. ऑफिसचे मेल स्वतःला फॉरवर्ड करत बसू नका, तेच उलटेल. संभाषण रेकॉर्ड करण्याबद्दल विचाराल: ज्या संभाषणात तुम्ही स्वतः आहात ते रेकॉर्ड करणं इथे गुन्हा नाही, पण कळलं तर विश्वास उडतो. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

आणि पोटातल्या गोळ्याबद्दल. कंपनीचा बेद्रेइफ्सआर्ट्स, म्हणजे कामाशी संबंधित डॉक्टर, त्याला आजारी न पडताही भेटता येतं. २०१७पासून तसा हक्क आहे आणि मॅनेजरला विचारावं लागत नाही. तो काय आजार आहे ते कंपनीला सांगू शकत नाही. सल्लागार ऐकेल, पण झोप लागत नाही हे नोंदवणारा डॉक्टरच.

कोणी ‘समजुतीने वेगळे होऊ’ म्हणून कागद पुढे केला तर त्या दिवशी सही करायची नाही. सही झाल्यावरही १४ दिवस मागे फिरता येतं, पण तिथवर जाऊच नका. युरीडिस लोकेट या कायदेविषयक मदतकेंद्राकडे प्राथमिक माहिती फुकट मिळते.

सुपारीखांड

रात्रपाळी, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. ओलीभेळताईंना चिमटे काढत होतो पण खरं सांगायचं तर असा कोणी माझ्या पहिल्या नोकरीत असता तर मी अकरा महिन्यांत पळालो नसतो. आमच्याकडे एकच उपाय होता, नोटीस पीरियड.

शेवंती

अवांतर: डचांना इतकं थेट बोलायची सवय, मग त्यांना असा मध्यस्थ लागतोच कशाला?

ओलीभेळ

शेवंती, तो मध्यस्थ नाही, हे परत! आणि थेट बोलणं बरोबरीच्यांत. बॉसपुढे डच माणूसही गप्प बसतो, फक्त मीटिंग संपल्यावर कॉफी मशीनपाशी बोलतो. माझ्याकडे येणाऱ्यांत डचच जास्त. परदेशी कमी येतात, आणि आले तर फार उशिरा, कॉन्ट्रॅक्टची तारीख डोक्यावर आल्यावर. पीएचडी करणारी भारतीय, चिनी, इराणी मुलं. त्यांना वाटतं मार्गदर्शक म्हणजे देव आणि मी त्याच देवळातली पुजारीण.

चिंचगूळ

अपडेट. बाहेरच्या संस्थेतल्या माणसाला मेल केला. स्वतःच्या जीमेलवरून, ओलीभेळताईंनी व्यनित (खाजगी निरोपात) सुचवल्याप्रमाणे. त्याने इंग्रजीत बोलू म्हटलं आणि आम्ही आइंडहोवन स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटलो. निवृत्त शिक्षकासारखा दिसणारा माणूस. खिशातून छोटी वही काढली, मी तिच्याकडे बघतोय हे पाहून लगेच परत ठेवली आणि म्हणाला, ‘नको असेल तर नाही लिहीत.’

मी पंधरा मिनिटं मॅनेजरचीच बाजू मांडत होतो. तो किती हुशार आहे, त्याच्यावर किती दबाव आहे. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे सगळं त्याच्याबद्दल झालं. तुला सोमवारी काय वेगळं व्हायला हवंय?’ मी म्हणालो, रात्रीचे फोन बंद, आणि स्टँडअपमध्ये माझं जे काही चुकलं ते एकट्याला सांगावं. हे मी बोललो तेव्हा मलाच लक्षात आलं की एवढंच हवंय. त्याला शिक्षा व्हावी असं माझ्या मनात नाही.

त्याने तीन वाटा सांगितल्या. मी स्वतः मॅनेजरशी बोलायचं, किंवा मॅनेजरच्या वरच्या डच बाईंशी बोलायचं, किंवा लेखी तक्रार. तक्रारीचा मार्ग निवडला तर समिती त्यालाही ऐकेल, आणि माझं नाव त्याला कळेलच, हेही आधीच सांगितलं. गणपतीचं सांगितलं तेव्हा हसला नाही. म्हणाला, ‘हे तुझ्या कंपनीबाहेरचं आहे, त्यात मी काही करू शकत नाही. पण कोणत्या वाटेने गेल्यावर तिकडे कमीत कमी पोचेल, याचा विचार आपण करू शकतो.’

दुसरी वाट धरतोय. गणपती होऊन गेल्यावर त्या बाईंची वेळ घेईन. सल्लागार सोबत येईल म्हणाला, पण बोलणार नाही, फक्त बसेल. रात्रपाळी, नोंदवही सुरू केलीय. डॉक्टरचीही वेळ मिळाली.

मी_पेठकर

ऑल द बेस्ट हो. आणि कमिटीत यंदा प्रसादाचं काम त्याच्याकडे असेल तर तुम्ही सजावटीत शिरा.

रात्रपाळी

चिंचगूळ, बाईंना भेटायला जाल तेव्हा दोनच मागण्या एका कागदावर लिहून न्या, फोन आणि स्टँडअप. स्वभाव, दबाव, पूर्वीचे किस्से यात शिरू नका. त्यांनी ‘बघते’ म्हटलं तर कधीपर्यंत ते विचारा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल टाका: आज आपण या दोन गोष्टींवर बोललो. तो मेल म्हणजे तुमची पोचपावती. हा ऑफिसच्या मेलवरूनच टाकायचा, इथे जीमेल नको.

कोयनाकाठ

आणि कॉन्ट्रॅक्टच्या तारखेच्या बरंच आधी भेटा, गणपती होऊन गेल्यावर लगेच, नवरात्रापर्यंत लांबवू नका.

चिंचगूळ

विसर्जनानंतरच्या मंगळवारची वेळ मिळाली. झालं की इथेच लिहीन.